बाबा पुसतील

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाला शपथा घालत बसणार नाही. शेवटी शेवटी मी स्वतः तिथे होते. त्याआधीचं सगळं मला माझ्या दादाने सांगितलं, आणि दादाला अख्ख्या जन्मात एक धड थाप मारता आलेली नाही. लहानपणी डब्यातला खाऊ मी पळवायचे आणि पकडला तो जायचा.

आणखी एक. रात्र नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. मंगळवार होता, दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असं तापलं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं.

त्या पत्र्याखालीच दादाचं काम चालतं. तो गाड्या आतून साफ करतो. बाहेरून कुणीही धुतं हो, आतलं काम नाजूक. लेदरला वेगळा फेस, दाराच्या मखमली कापडाला वेगळा ब्रश, डॅशबोर्डच्या प्लास्टिकला वेगळा हात. फेस कधी थेट लेदरवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचा. हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा. आणि शेवटी वरून कोटिंगचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पुढे कुठलाच डाग धरत नाही.

बावीस वर्षं हेच. इतकं अंगात भिनलेलं की हात ऐकत नाही त्याचा. कुणाकडे जेवायला गेला तरी बोलता बोलता समोरचं टेबल पुसून मोकळा होतो. आपण काही पुसलं हे त्याला माहीतही नसतं. वहिनी आधी हसायची. "हात काढून ठेव जरा दाराशी," म्हणायची.

मग ती हसायची थांबली.

त्यांना एक मुलगी होती. टिल्ली. सहा वर्षांची. रोज सकाळी वहिनी तिला गाडीतून शाळेत सोडायची, आणि टिल्ली मागे बसून आईच्या सीटला लाथा मारायची. ठप... ठप-ठप. एक, थोडं थांबून दोन. तिचा तालच होता तो. सीटच्या पाठीवर बुटांचे ठसे उमटायचे. बुटाच्या तळव्यावर चांदणी होती. डाव्या पायाच्या चांदणीचं एक टोक तिनेच बसल्या बसल्या नखाने उचकटून काढलेलं.

"पाय खाली घे, टिल्ली. बाबा ओरडतील," वहिनी म्हणायची.

"बाबा पुसतील ना!"

हे उत्तर ठरलेलं.

तिला ताप आला. तीन दिवसांत सगळं संपलं. मी त्यावर जास्त लिहू शकत नाही. तिचे बूट तिच्याबरोबरच गेले, एवढंच सांगते.

आणि चौथ्या दिवशी पहाटे, घरात कुणी जागं व्हायच्या आत, दादाने गाडी साफ केली.

त्याला काही सुचत नव्हतं. बसवत नव्हतं. हाताला जे येत होतं ते हाताने केलं. बिस्किटाचा चुरा व्हॅक्यूमने ओढून घेतला. खिडकीच्या काचेवरचे बोटांचे ठसे, दाराच्या मखमलीवर बोटाने काढलेलं मांजर, सीटच्या पाठीवरची ती बुटांच्या ठशांची जोडी, सगळं. वरून कोटिंगही दिलं. इतकं सुंदर काम त्याने आयुष्यात केलं नसेल. वहिनी बाहेर आली तेव्हा गाडी आतून नव्यासारखी झाली होती.

वहिनीने मागचं दार उघडलं. वाकून बघितलं. नाकाने वास घेतला.

"तू तिला पुसून टाकलंस," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. दादाशी कामापुरतं बोलायची, मग तेही बंद झालं. गाडी समोर दिसली की ती मागे वळून घरात जायची, म्हणून दादाने ती एका दलालामार्फत विकून टाकली. वर्ष असंच गेलं. एका छताखाली दोन माणसं, आणि मध्ये ते चकचकीत लेदर. दादा माझ्याकडे येऊन रडायचा. "तिला परत द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नाही गं," म्हणायचा. "एक कण ठेवायला हवा होता. एक कण."

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. तिने दुसऱ्या गावी नोकरी घेतली. तो मंगळवार तिचा इथला शेवटचा दिवस होता. बॅग भरून सोबतच आणली होती. लॅबमधून थेट सहाची बस. परत येणार का, हे दादाने विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती त्याला.

तर... दुपारी दोन वाजता दादाकडे एक गाडी आली.

गाडी वळणावर असतानाच त्याने ती ओळखली. ती नंबरप्लेट त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती.

उतरले ते एक निवृत्त मास्तर. दादाला ते ओळखत नव्हते, गाडी कुणाची होती हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"अहो, हे जरा बघा," मास्तर म्हणाले. "ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर बुटांचे ठसे आहेत. पुसले की जातात, चार दिवसांनी पुन्हा हजर! दोन ठिकाणी दाखवून झालं."

"मागे... मागे कोण बसतं?" दादाने विचारलं.

"कोण बसणार? घरात आम्ही दोघं. लहान मूल नाही, मांजरसुद्धा नाही. आमच्या हिला वाटतं मीच काहीतरी करतो. या वयात मी मागे बसून लाथा मारतो म्हणे!" ते हसले. "पाच वाजता येतो. घालवा एकदाचे."

मास्तर गेले.

दादा बराच वेळ गाडीपासून लांब उभा राहिला. मग त्याने मागचं दार उघडलं.

दोन ठसे होते. छोटे. मातकट.

चांदणीचे.

डाव्या चांदणीला एक टोक नव्हतं.

दादा तिथेच फरशीवर बसला. मग सरपटतच आत वाकला आणि हातातला ब्रश ठशाशेजारी धरला. टिल्ली नेहमी पाय त्या ब्रशला लावून बघायची. "बाबा, माझा बूट आणि तुझा ब्रश सारखेच!" सारखेच होते. टाच ते टोक, बरोब्बर.

कोटिंगवर धूळसुद्धा टिकत नाही. आणि हे टिकले होते.

त्याने वहिनीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्याने मला केला. मी वहिनीचा निरोप घ्यायला लॅबमध्येच गेले होते.

"तिला घेऊन ये," तो म्हणाला. "आत्ता. कसंही कर. टिल्लीचे... टिल्लीचे पाय आहेत इथे."

खोटं कशाला बोलू, मला आधी वाटलं दादाचं डोकं फिरलं. वहिनीला मी जसंच्या तसं सांगितलं. ती पांढऱ्या कोटातच उठली. बॅग घेतली आणि टॅक्सीत बसली. रस्ता चाळीस मिनिटांचा होता.

त्या चाळीस मिनिटांत काय झालं ते दादाने सांगितलं तसं सांगते.

त्याने व्हॅक्यूम बंद केला. पंखा बंद केला. पाण्याचा नळ टपटपत होता, तो घट्ट पिळला. मागच्या सीटवर, जिथे टिल्ली बसायची त्याच्या शेजारी, तो अंग चोरून बसला. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

कारण स्वतःच्या हातांची त्याला भीती वाटत होती.

बाहेर रस्ता चालू होता. गाड्या जात होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग... एकेक आवाज कमी होत गेला. हॉर्न थांबले. माणसं थांबली. पत्रा उन्हाने सतत कडकडतो, तोही गप्प झाला.

ठप...

दादाने पुढच्या सीटकडे बघितलं.

ठप-ठप.

शेजारची जागा रिकामी होती. पुढची सीट मात्र हलली. त्याने डोळ्यांनी बघितली हलताना.

"मार," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मार अजून. कितीही मार. आई येतेय तुझी. तेवढी थांब गं राणी, बाबा काही करणार नाहीत."

ठप... ठप-ठप.

तो बोलत राहिला. वर्षभराचं सगळं बोलला. आई कशी झाली आहे ते सांगितलं. मखमलीवरचं मांजर पुसलं म्हणून माफी मागितली. किती वेळ बोलला त्याला आठवत नाही. मग टॅक्सीचा ब्रेक ऐकू आला आणि बाहेरचे सगळे आवाज एकदम परत आले.

आम्ही दोघी धावतच आत गेलो. वहिनीने मागचं दार उघडलं.

दादा आत बसला होता. चेहरा रडून सुजलेला, पण हसत होता. वर्षभराने हसत होता.

"बघ," तो म्हणाला. "बघ ना!"

वहिनीने बघितलं. मीही बघितलं.

सीटची पाठ स्वच्छ होती. ओलसर, चकचकीत. नुकतंच कुणीतरी गोल गोल हात फिरवून टिपलेली.

आणि दादाच्या उजव्या हातात फडका होता. मातकट झालेला.

त्याने आमच्या नजरेमागोमाग खाली बघितलं. स्वतःचा हात त्याने असा बघितला, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा. फडका कधी उचलला, त्याला माहीत नव्हतं. बोलता बोलता...

"परत?" वहिनी म्हणाली.

एवढंच. मला वाटलं ती किंचाळेल, मारेल त्याला. तिच्यात तेवढंही बळ नव्हतं. दादा नुसता मान हलवत होता, नाही, नाही, नाही. मी आयुष्यात इतका खचलेला माणूस बघितला नाही.

वहिनी मागे वळली. तिचा तोल गेला. पुढचं दार उघडंच होतं, तिने त्याचा आधार घेतला आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर कोसळली. वर्षात पहिल्यांदा. दोन्ही हात सवयीने स्टिअरिंगवर गेले.

दादा धडपडत बाहेर आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. मागची सीट पूर्ण रिकामी होती. मी बघत होते. पापणी न लववता बघत होते.

ठप...

ठप-ठप.

मी ऐकलं. माझ्या कानांनी.

"पाय खाली घे, टिल्ली," वहिनी म्हणाली. मागे न बघता, रोजच्या आवाजात. "बाबा ओर..."

ती थांबली.

मग वहिनी सावकाश खाली उतरली आणि आमच्याकडे पाठ करून, दाराला धरून उभी राहिली.

तिच्या पांढऱ्या कोटावर, कमरेच्या थोडं वर, दोन ठसे होते.

चांदणीचे. डावीचं एक टोक नसलेले.

मध्ये सीटचं लेदर होतं, फोम होता, सगळं होतं. तरी होते.

दादाचा उजवा हात फडक्यासकट वर उठायला लागला. माझ्या तोंडून किंकाळी फुटणार, तेवढ्यात त्याने डाव्या हाताने स्वतःचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की पुढे आठवडाभर वळ होते. फडका खाली पडला.

"काय आहे?" वहिनीने विचारलं. "माझ्या पाठीला काय आहे?"

दादा रडत तिला सांगू लागला.

पाच वाजता मास्तर आले. सीटची पाठ बघून खूश झाले. "व्वा! निघाले की!" महिनाभरात पुन्हा आले, घाबरलेले, आणि गाडी नको झाली म्हणाले. दादाने ती परत घेतली.

सहाची बस वहिनीने सोडली. ती गेली नाही. दोघं आता बोलतात, जेवतात, कधी कधी हसतातही. तो कोट त्यांच्या खोलीत हँगरला असतो. धुतलेला नाही. दादा त्या खोलीत जाताना हात खिशात घालतो.

मला आनंद व्हायला हवा. झालाही होता.

पण या गोष्टीला दोन वर्षं झाली. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी चहा ठेवत होती. मी सहज तो कोट बघायला गेले, आणि टेबलावर दादाचा ब्रश होता म्हणून उगाच ठशाशेजारी धरला.

ठसा ब्रशपेक्षा मोठा होता. चांगला दोन बोटं मोठा.

मी वाकून बघितलं. डाव्या पायाची चांदणी... अख्खी होती. पाचही टोकं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. ठसे मोठे कसे झाले, वहिनीला विचारलं.

तिने गॅस बारीक केला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"जुने बूट तिला लागायला लागले होते गं," ती म्हणाली. "नवीन घेतले."

वहिनी आता रोज सकाळी साडेसातला गाडी काढते. शाळेच्या वाटेने जाते आणि अर्ध्या तासाने परत येते. मला कितीदा म्हणाली, चल, तुला वाटेत सोडते.

मी पायी जाते.