सहाव्या खणातली ओढ

ताटली तळहाताएवढी, आणि तिच्यात सहा खण. पहिल्या चार खणांत धाकट्या भावाचं हृदय वाढत होतं. अख्खं नव्हे, नखाएवढे चार तुकडे. त्याच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांच्या जनुकातलं चुकलेलं एक अक्षर दुरुस्त करायचं, त्यांना हृदयाच्या स्नायूचं वळण लावायचं आणि मऊ पारदर्शक जाळीवर पसरायचं. तीन आठवड्यांत त्या एकजुटीने धडधडायला लागत. पाचव्या खणात मधलीच्या स्वतःच्या पेशी होत्या, निरोगी माणसाच्या, तुलनेसाठी. सहावा खण रिकामा. जाळी तीच, वरचं गुलाबी पाणी तेच, फक्त पेशी नाहीत. प्रयोगशाळेत त्याला ब्लँक म्हणत.

हे तुकडे वाढवणारी मधली याच प्रयोगशाळेत कामाला होती; मधली हे तिचं घरातलं नाव. ताई सगळ्यांत मोठी, मग ही, मग धाकटा. ताईला जाऊन आठ वर्षं झाली होती, तेव्हा खरं म्हणजे आता मधे असं कोणी उरलं नव्हतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकटा एकदा तपासणीला आला आणि सगळ्यांसमोर "मधले, पाणी दे गं" म्हणाला, तेव्हापासून मापन यंत्र सांभाळणाऱ्या बाईसुद्धा तिला मधलीच म्हणत.

चुकलेलं अक्षर वडिलांकडून आलं होतं. वडील एकेचाळिसाव्या वर्षी जिना चढता चढता गेले, ताई छत्तिसाव्या वर्षी. तिघांत मधली तेवढी सुटली. धाकटा आता तेहतीस वर्षांचा होता. त्याचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान होतं, पण दोन महिन्यांपासून हातात करवत धरली की त्याला धाप लागायची. "माझी फ्रेम मी करून ठेवलीय," तो म्हणायचा, "फोटो तेवढा तुम्ही बघा." मधली त्याच्या पाठीत धपाटा घालायची, पण हलकाच.

प्रत्येक तुकडा आकसताना जाळीला किती ताण देतो, हे यंत्र मोजायचं. त्या मापाला सगळे ओढ म्हणत. धाकट्याच्या हृदयावर या तुकड्यांचं ठिगळ लावायची परवानगी हवी असेल, तर ओढ चाळीसच्या वर पाहिजे, ही समितीची अट. आणि त्याआधी ब्लँकचा आकडा सगळ्यांतून वजा करायचा, हा नियम. रिकाम्या जाळीत जी थरथर दिसते ती यंत्राची, पंख्याची, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची; ती माणसाच्या खात्यावर कशाला धरायची? ती कधी एकच्या पुढे जात नसे. धाकट्याचे तुकडे सत्तेचाळीसवर होते. बैठक दहा दिवसांवर आली होती. ती हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि सहा महिने धाकट्याजवळ नव्हते. डॉक्टरांनी हे मधलीला सांगितलं होतं, त्याला नाही. त्याला ते कसं कोण जाणे कळलेलं होतं.

सोमवारी ब्लँकचा आकडा चार आला.

"पंखा," यंत्रवाल्या बाई म्हणाल्या आणि पंखा बंद केला. मंगळवारी सहा आला. टेबल भिंतीपासून सरकवलं, पायांखाली रबराचे तुकडे घातले. बुधवारी नऊ. मधलीने जाळीचं नवं पाकीट फोडलं, नवी ताटली घेतली, सगळे तुकडे चिमट्याने एकेक करून डोळ्यांत तेल घालून हलवले. सहाव्या खणात कोरी जाळी, तीही तिने स्वतःच्या हाताने ठेवली. गुरुवारी चौदा.

सत्तेचाळीस वजा चौदा म्हणजे तेहतीस. धाकट्याचे तुकडे पहिल्यासारखेच जोमाने धडधडत होते, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तरी कागदावर तो दिवसेंदिवस खंगत चालला होता.

तिने सहावा खण सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जाळी काचेसारखी स्वच्छ होती. एकही पेशी नाही, साधा कचरासुद्धा नाही. पण जाळीची कड आत ओढली जात होती, सुटत होती, पुन्हा ओढली जात होती. ओढ होती, ओढणारं कोणी नव्हतं.

तिने पेशींना निळी चमक आणणारा रंग घातला. पाच खण चमकले. सहावा काळाच राहिला.

मग ती नुसती बघत बसली. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर कोणीतरी फोनवर हसत होतं, नळाशी बाटल्या धुतल्याचा आवाज येत होता. जाळी दोनदा घाईघाईने आकसायची, थांबायची, इतकी थांबायची की आता संपलं असं वाटावं, आणि मग एकदाच आकसायची. दोन, थांबा, एक. मधली आणखी पुढे वाकली. हा ताल तिने नऊ दिवस ऐकला होता, ताईच्या उशाजवळच्या यंत्रावर, आठ वर्षांपूर्वी.

त्या घराण्यातल्या सगळ्यांचं काही ना काही प्रयोगशाळेत होतं. वडिलांचा मेणात बसवलेला तुकडा, धाकट्याचं रक्त, मधलीच्या पेशी. ताईच्या नावापुढे मात्र 'नमुना नाही' असं लिहिलेलं होतं. मधलीनेच तिच्या खनपटीला बसून दहा वेळा मागितला होता. "दोन थेंब दे गं. पुढे धाकट्याच्या उपयोगी पडेल." ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तू सुटलीस ना," ती म्हणाली, "म्हणून तुला हे सगळं सुचतं. माझं काही मागे ठेवायचं नाही." त्यानंतर ती मधलीशी बोलली नाही. त्या बोलण्याचा राग मधलीला अजून होता. आणि ते खरं होतं, याचाही.

शुक्रवारी ती सरांच्या खोलीत गेली. सर विभागाचे प्रमुख, शांत आणि सज्जन. भांडायला अगदीच निरुपयोगी.

"वजाबाकी नको करायला," ती म्हणाली.

"ब्लँकमध्ये काय आहे?"

"काही नाही."

"मग वजा करायला हरकत काय?"

"ते वाढतंय, सर. काही नसलेलं वाढतंय. आणि त्याच्या वाट्यातून वाढतंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "नियम बदलायचा म्हणजे नवा अर्ज. सहा महिने. तुला माहितेय." जरा थांबून ते म्हणाले, "भाऊ आहे म्हणून तू चार दिवस सुट्टी घे. आकडे दुसरं कोणीतरी घेईल."

"मी कुठेही जाणार नाही," मधली म्हणाली. दार तिने जरा जोरातच लावलं.

सोमवारी ब्लँक एकवीसवर गेला होता. बैठक गुरुवारी. संध्याकाळी धाकट्याला दवाखान्यात भरती केलं. तो पलंगावर बसून म्हणाला, "मधले, तुझं तोंड असं का? मेलोय का मी?" तिने त्याची उशी ठोकून नीट केली. तिला रडू येत नव्हतं, चीड येत होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, तेव्हा तिने ताटली यंत्राखाली ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. पडद्यावर सहावी रेघ नाचत होती. दोन, थांबा, एक.

"पुरे झालं," ती म्हणाली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही. "रागवायचं तर माझ्यावर रागव. तू मागे काही ठेवलं नाहीस, मग आता याच्यातलं का घेतेस? हा पंचवीस वर्षांचा होता तू गेलीस तेव्हा. महिनाभर तुझ्या खोलीच्या दाराशी झोपला होता. आठवतं का?"

रेघ नाचत राहिली.

"मी सुटले. बरं, सुटले. त्याची माफी मी मागणार नाही. पण त्याला मी सोडणार नाही, तुलासुद्धा नाही सोडणार त्याच्या अंगावर. तुला जागा हवी असेल तर माझी घे. पाचवा खण माझा आहे."

रेघ थांबली.

मधली वाट बघत राहिली. दहा, वीस, तीस मोजले. रेघ सरळच राहिली.

बुधवारी सकाळी यंत्रवाल्या बाईंनी आकडे वाचले. "सेहेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. ब्लँक शून्य." त्यांनी मान वर केली. "दोन्ही शून्य. झाली की नाही सुधारणा?"

"दोन्ही?"

"पाचवा नि सहावा."

"पाचव्यात माझ्या पेशी आहेत."

बाई हसल्या. "पाचवा पहिल्यापासून रिकामाच ठेवतो आपण. वही बघा."

वहीत पहिल्या पानापासून तसंच होतं. अक्षर मधलीचं होतं. 'पाचवा रिकामा, सहावा रिकामा.' तिने पाचवा खण उजेडात धरला. जाळी काचेसारखी स्वच्छ होती.

तिला भीती वाटली, हे खरं. पण सेहेचाळीस हा आकडाही खरा होता. तिने वही मिटली.

समितीने गुरुवारी तासाभरात परवानगी दिली. सरांनी सगळ्यांचे आभार मानले, यंत्रवाल्या बाईंचे, बाटल्या धुणाऱ्या काकांचेसुद्धा. मधली दुसऱ्या रांगेत बसली होती. तिचं नाव राहून गेलं. घाईत राहतं कधीकधी, असं ती स्वतःला म्हणाली.

सोमवारी धाकट्याचं ऑपरेशन झालं. चार तुकडे त्याच्या हृदयावर बसले ते बसलेच. पाचव्या दिवशी तो व्हरांड्यात चालला. नवव्या दिवशी एक जिना चढला आणि वर पोचून खालच्या डॉक्टरांना वाकुल्या दाखवल्या. मधली जिन्याखाली उभी होती. तिला इतका आनंद झाला की ती तिथेच पायरीवर बसून हसत सुटली. दोन माणसं तिच्या अगदी अंगावरून खाली उतरली, न थबकता.

प्रयोगशाळेचं दार तिच्या कार्डाने उघडेनासं झालं होतं. तक्रार करायला ती तीनदा गेली. तिन्ही वेळा खिडकीतल्या माणसाने तिच्या मागच्याला म्हटलं, "बोला."

बाराव्या दिवशी धाकट्याला घरी सोडणार होते. मधली सकाळीच आली, पलंगाजवळच्या खुर्चीवर बसली. खोलीत खुर्ची एकच होती. धाकट्याच्या गालांवर रंग आला होता, तो पाय हलवत बसला होता. परिचारिका कागद घेऊन आली.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बहीण."

"भावंडं किती?"

"आम्ही दोघंच. मी आणि ताई."

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करताना एक भुवई उचलायचा. भुवई जागची हलली नव्हती.

"धाकट्या," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं नाही. तिने त्याचा हात हातात घेतला. हात उबदार होता, नाडी भक्कम आणि सरळ चालत होती. तिच्या दहा वर्षांच्या कामातली सगळ्यांत चांगली नाडी. त्याने खांदे आक्रसले.

"खिडकी लावता का जरा?" तो परिचारिकेला म्हणाला.

"बंदच आहे की." तरी तिने जाऊन पडदा ओढला.

"सही कोण करणार? न्यायला आलंय का कोणी?"

"ताई येतेय. खाली पैसे भरतेय."

व्हरांड्यात लिफ्टचं दार उघडलं. कोणीतरी सावकाश चालत येत होतं, मधे मधे दम खात. धाकट्याने केसांवरून हात फिरवला आणि सरळ बसला.

जागा दिली ती दिली, मधलीने ठरवलं. पण इथून उठायचं नाही. तिने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि खुर्चीचे हात आवळून धरले.

"या, या, बसा इथे," परिचारिका दाराकडे बघून म्हणाली आणि तिने खुर्ची तिकडे सरकवली, रिकामी खुर्ची सरकवतात तशी, एका हाताने.