जाळरेषा

वेंधळेपणा माझ्या अंगातच आहे. बिरूची आणि माझी पहिली भेट झाली तीही मी चुकीच्या टोकाला जाऊन उभी राहिले म्हणून. डोंगराच्या पायथ्याशी आमचं निसर्ग केंद्र. तिथं दर माघात सगळे मिळून जाळरेषा काढतात. उन्हाळ्यात वणवा पेटलाच तर पुढं सरकू नये, म्हणून वाळक्या गवतातून रुंद पट्टी कापून मोकळी करायची. पट्टीच्या एकेका भागाला दोघं; त्यांनी दोन टोकांकडून कापत यायचं आणि मध्ये भेटायचं.

"ओ ताई, हे टोक माझं हाय."

"असेल. पण मी आधी आले."

"मंग ऱ्हा इथंच. मी तिकडून येतो... भेटू."

भेटलो. मी जेमतेम चार हात कापलं होतं, उरलेलं सगळं त्यानंच.

"तुम्ही गवत कापायलात का कुरवाळायलात?"

"तुम्हाला कसली एवढी घाई?"

"त्या टोकावरनं तुमचं तोंड नीट दिसंना," तो म्हणाला. माझी ओढणी कुसळांनी भरली होती. एकेक कुसळ त्यानं असं काढलं, की बोट कुठं लागलं नाही... आणि तरी मला घाम फुटला.

मग केंद्राचा एकही कार्यक्रम आम्ही चुकवला नाही. आषाढात रोपं, श्रावणात रानफुलं, थंडीत पाहुणे पक्षी. मी मुकुंदवाडीहून रिक्षा बदलत जायची. बजाजनगरच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तो डोळे चोळत यायचा आणि पक्षी सोडून दुर्बीण माझ्याकडं वळवायचा.

"हे पाखरू लई भांडखोर दिसतंय."

"मग लांबूनच बघ."

"लांबून किती दिवस बघू, सारजा?"

मार्गशीर्षात त्यानं सरळच विचारलं, आईला तुमच्या घरी पाठवू का म्हणून. "जाळरेषेच्या दिवशी सांगते," म्हणाले. होच म्हणणार होते. थोडं झुलवावं, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, लग्न सोयगावला जमलं आणि कुणीतरी बिरूचं नाव माझ्या वडिलांच्या कानावर घातलं. नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू त्या मेंढरंवाल्यांच्या घरात गेलीस, तर सोयगावचे पाहुणे आक्काला करून घ्यायचे नायत. लई दिवसानं जमलंय तिचं. आता तुझं तू बघ."

आक्का आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, रडलीही नाही. भांडली असती तर मीही भांडले असते.

जाळरेषेच्या दिवशी आभाळ सकाळपासून मळकट होतं. मी कापायला लागले, पण हात उचलेना. मान वर केली तर बिरूही रेंगाळत होता. बाकीचे काम आटोपून खिचडी खायला खाली गेले. आमच्यामध्ये गवताचा एक तुकडा अजून उभाच होता.

"तू का थांबलास?"

"तू हळू कापायलीस म्हणून." त्यानं विळा खाली ठेवला. "व्हय म्हणायचं असतं तर पळत आली असतीस... नाय म्हणणार ना?"

"आक्काचं लग्न मोडेल, बिरू."

"तिचं होऊ दे की. मी थांबतो."

"ती तिथंच नांदणार आहे रे. माझ्यापायी तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"आन् तुझं काय?"

"माझं... मला तू आवडतोस. लई. हेही आजच सांगायचं होतं."

तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. किती तरी वेळ तो हातातल्या काडीचे तुकडे करत राहिला.

"चल, एवढं कापून टाकू," शेवटी तो म्हणाला. "ठिवलं तर आग ह्याच वाटंनं येती."

समोरासमोर बसून आम्ही तो तुकडा कापला. त्यानं मुळंसुद्धा उपटली. मग तो त्याच्या बाजूनं उतरला, मी माझ्या. त्यानंतर तो केंद्रावर आला नाही.

वैशाखात आक्का सासरी गेली आणि त्याच आठवड्यात डोंगराला वणवा लागला. केंद्रातल्या कारभारी सरांचा फोन आला. आग वरून थेट आमच्या पट्टीपर्यंत आली आणि तिथंच विझली. खालचं एक रोपसुद्धा होरपळलं नाही, म्हणाले.

"फार स्वच्छ कापली होती हो तुम्ही दोघांनी."

मी "हो सर" म्हणाले. आम्हा दोघांना मिळून कुणी काही म्हटलं, ते तेवढंच.