शेततळ्यात गेलेली खुर्ची

"ताई, माझ्या वडिलांना मी मारलं का, एवढंच सांगा."

संतोष काठेंनी तोंडापर्यंत नेलेला चहाचा कप खाली ठेवला. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर ते वसुधाताई गायधनींच्या इंदिरानगरच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात मदतीला येत. नवरा संशयी, भाडेकरू पळाला, अशी माणसं त्यांनी तिथे पुष्कळ पाहिली होती. असा प्रश्न मात्र पहिल्यांदाच ऐकला.

"आधी पाणी घ्या," वसुधाताई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

शुभांगी फडोळ मखमलाबादची. सासरहून परतलेली, फुलांचा मळा आणि वडिलांना सांभाळणारी. वडील मोतीराम, घरचे बापू, कमरेखाली लुळे. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत बसून रोज सकाळी ते शेततळ्याच्या भरावावर जात आणि सूर्याला अर्घ्य देत. त्यासाठी तिथली जाळी काढलेली होती. गेल्या महिन्यात, पितृपक्षात, ते खुर्चीसकट तळ्यात गेले. तळाला प्लास्टिकचा कागद आणि त्यावर शेवाळ. धडधाकट माणूसही तिथून वर येत नाही.

"आणि बापू तर पट्ट्याने बांधलेले," ती म्हणाली. "पडू नयेत म्हणून रोज मीच बांधायची."

"यात तुमची चूक कोणती?"

"आदल्या संध्याकाळी लाईट गेले होते, चार्जिंग नव्हतं. मी खालचा लिव्हर पाडून खुर्ची ढकलत आत नेली. रात्री लाईट आल्यावर चार्जिंगला लावली. लिव्हर पाडला की ब्रेक सुटतो. तो परत वर केला नाही, असं आई म्हणते. नंतर खुर्ची बघितली तेव्हा लिव्हर पडलेलाच होता, सगळ्यांनी बघितला."

"तुम्हाला काय आठवतं?"

"वर केला होता असं वाटायचं. पण आई रोज सांगते. आता मला नीट आठवतही नाही."

संतोषरावांना पोरीची कीव आली. पण मनात त्यांनी फाईल बंद केली होती. विसरली बिचारी.

दुसऱ्या दिवशी दोघं मखमलाबादला गेले. नवरात्र सुरू होतं, पण दुखवट्यामुळे फडोळांकडे घट बसले नव्हते. शुभांगीची आई रंगूबाई ओट्यावर झेंडू निवडत होत्या. वसुधाताई शेजारी टेकल्या. समोर मळा आणि त्यापलीकडे तळ्याचा भराव लख्ख दिसत होता.

"विसरली हो ती," रंगूबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मुद्दाम का करील? मी तिला सांगते, बाई, झालं ते झालं, आता आयुष्यभर देवापुढे नाक घास."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथंच. पण माझी नजर अधू झालीय आता."

एवढं बोलून त्यांनी टोपलीतला किडका झेंडू नेमका हेरून बाजूला टाकला.

मळ्याला लागूनच रंगूबाईंच्या मुलाचं, ज्ञानेशचं, लग्नसमारंभाचं लॉन होतं. गरब्याची तयारी चालली होती. कमरेच्या वॉकीटॉकीवर माणसांना शिव्या घालत तो पुढे आला.

"मी त्या दिवशी पंचवटीत, फुलबाजारात. फोन आला तेव्हा कळलं."

"बापू मळा शुभांगीच्या नावावर करणार होते म्हणे."

"आणि मला पार्किंगला हवा होता. गावाला ठाऊक आहे. बापलेकांचं भांडण होतं, मिटलं असतं."

"लॉनवरच्या एका लग्नात बापूंची खुर्ची अचानक आपोआप पुढे उसळली होती ना? नवरीच्या मावशीचा पाय चिरडला, असं शुभांगी सांगत होती. तेव्हा तुम्ही शेजारी या वॉकीटॉकीवरच बोलत होतात."

ज्ञानेश हसला. "वॉकीटॉकीचा आणि खुर्चीचा काय संबंध? म्हाताऱ्याचा हात थरथरायचा, दुसरं काय."

वाळू सुरगाण्याकडचा. मळ्यात राबायचा आणि लॉनची राखणही करायचा.

"बापू वर चढताना म्या बघितले ना. सोताच खुर्ची चालवत गेले, रोजच्यासारखे. म्या फाटकाकडं वळलो. मंग वॉकीटॉकीचा सेट खरखरला. म्या म्हणलं, हां शेठ, बोला. कोणी बोलंना. परत खरखर. आन् मंग धप्पकन आवाज."

"सेट कोणाकोणाकडे होते?"

"माझ्याकडं न् ज्ञानेश शेठकडं. बाकीचे कपाटात. पितरांच्या दिवसात लग्नं नाय, लॉनवर कुत्रं नाय."

"किती लांब ऐकू येतं त्यावर?"

"कुठलं लांब! नाल्यापलीकडं गेलं का मुकाच. शेठ लय शिव्या घालत्यात त्या दुकानदाराला."

"बापूंना कोणी काढलं?"

"म्या न् शेजारच्यांनी, खुर्चीसकट. तांब्या दोन्ही हातांत गच्च, सुटंना." वाळूने डोळे पुसले. "आमी पिकअपात घालून दवाखान्यात नेलं. ताईला भोवळ आल्ती, तिला बाया घरात घेऊन गेल्या. रंगूकाकू एकट्याच खुर्चीपाशी बसून व्हत्या. उठनाच."

शेवटी खुर्ची दुरुस्त करणारा मनोज. दुकानात तो कुणाच्या तरी खुर्चीचं चाक खोलून बसला होता.

"लिव्हर पाडून खुर्ची चालवता येते?" वसुधाताईंनी विचारलं.

"छे. चाकं मोकळी होतात, मोटर ओढतच नाही."

"त्या लग्नानंतर तुम्ही खुर्ची बघून गेलात?"

"हो. जुनी, परदेशातून वापरून आलेली. नव्या खुर्च्यांच्या कंट्रोलरला लहरी अडवणारं आवरण असतं, हिला नव्हतं. वॉकीटॉकीचं बटण अगदी शेजारी दाबलं की लहरी कंट्रोलरमध्ये शिरतात. ब्रेक सुटतो, चाक आपोआप फिरतं. चावी बंद असेल तर काही होत नाही. ओट्यावर सांगून आलो होतो, ज्ञानेशदादांना आणि त्यांच्या आईंना."

परतताना संतोषराव म्हणाले, "मग बापूंनी चावी बंद का नाही केली? एका जागी तर बसायचं होतं."

"संतोषराव, तुम्ही अर्घ्य देता?"

"आमच्या आई द्यायच्या."

"पाणी सोडून झाल्यावर काय करायच्या?"

संतोषरावांनी आठवून पाहिलं. आई जागच्या जागी स्वतःभोवती एक फेरी घ्यायच्या. ते तसं म्हणाले, पण त्यातून काय निघतं ते त्यांना काही उमगेना.

दोन दिवसांनी भरावावर सगळे जमले. मनोजने तसलीच एक जुनी खुर्ची आणली होती. बरोबर पोलीस उपनिरीक्षक होते. काठावर जाळी अजून नव्हती. खाली हिरवं पाणी.

"ज्ञानेशराव, बापूंचा हात कसा निसटला असेल ते साहेबांना दाखवायचंय. तुम्ही त्यांच्याच उंचीचे. बसता?"

ज्ञानेश बसला. वसुधाताईंनी चावी फिरवली, हिरवा दिवा लागला. त्याच्या हातांत तांब्या दिला. मग वाळूकडून वॉकीटॉकी घेतला आणि खुर्चीच्या पाठीशी नेला.

तांब्या खाली आदळला. ज्ञानेशने झडप घालून चावी बंद केली.

वसुधाताईंनी वॉकीटॉकी उलटा करून दाखवला.

"याच्यात बॅटरी नाही," वसुधाताई म्हणाल्या. "मोटारीची वायरही मनोजने काढलीय. पण तुम्ही का घाबरलात? वॉकीटॉकीचा आणि खुर्चीचा संबंध काय?"

ज्ञानेश खुर्चीतून उठू लागला.

"बापू स्वतः चढ चढून आले, म्हणजे लिव्हर वरच होता. शुभांगी विसरली नव्हती. दोन्ही हातांत तांब्या, म्हणजे खुर्ची त्यांनी चालवली नाही. चावी मात्र सुरू, कारण अर्घ्यानंतर प्रदक्षिणा घ्यायची. पाय चालत नव्हते, खुर्चीच जागच्या जागी फिरवायची. हे घरच्यालाच ठाऊक. आणि सूर्य तळ्याच्या बाजूने उगवतो, खुर्चीचं तोंड पाण्याकडेच. मागून कोणी येऊन बटण दाबलं, तर बाप वळून बघू शकत नव्हता."

"मी पंचवटीत..."

"पंचवटीतून वाळूचा सेट खरखरत नाही. तो नाल्यापलीकडेच मुका होतो."

उपनिरीक्षकांनी ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवला. "चला."

"तो मळा माझाच होता!" तो ओरडला. "लुळा माणूस, मरता मरत नव्हता!"

संतोषराव गोंधळले होते. "पण ताई, लिव्हर पडलेला सापडला ना? तो कुणी पाडला?"

वसुधाताईंनी मान वळवली. त्या रंगूबाईंकडे बघत होत्या. मग शुभांगीही बघू लागली.

"सगळे दवाखान्यात गेले तेव्हा खुर्चीपाशी तूच होतीस," शुभांगी म्हणाली. "ओट्यावरून तुला दिसलं होतं. दादाच होता ना?"

रंगूबाईंनी पदर सारखा केला.

"आई, मी रोज रात्री तुला विचारायचे, माझ्या हातून झालं का. तू हो म्हणायचीस. झोपताना माझ्या डोक्याला तेल लावत हो म्हणायचीस. का?"

"तुला पोलीस नेणार नव्हते," रंगूबाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "पोरगी विसरली, लोक चार दिवस बोलले असते. तू सोसलं असतंस. त्याला सोसवलं नसतं गं."

शुभांगी आईजवळ गेली. मग वाकून आईच्या पाया पडली, परगावी निघालेल्या लेकीसारखी, आणि भराव उतरून रस्त्याकडे चालू लागली.

"अगं, जेवून तरी जा," मागून रंगूबाईंनी हाक मारली.

संतोषरावांनी मान खाली घातली. शुभांगी चालतच राहिली.