तळव्यावरची अक्षरं

“थांबलीस का? वाच ना पुढं,” केशवराव म्हणाले, आणि कालिंदीच्या डोळ्यांपुढची ओळ पाण्यात बुडाली...

गारखेड्यातल्या या नवरा-बायकोच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळीच छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडले होते. जुन्या चिनी भांड्यांच्या तळावरचे बादशहांच्या नावांचे शिक्के कसे पारखावेत, यावरचं केशवरावांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचं पुस्तक! त्यांनी छापखान्याला फोनवरून परस्पर सांगितलेल्या आभाराच्या पानावर छापखानेवाला होता, जावई होता, नेहमीचा रिक्षावालासुद्धा होता. त्यांच्याखाली एक ओळ होती : ‘सर्व रेखाटनं – लेखक.’

तीनशे बारा शिक्के होते ते. भिंगातून पाहून, एकही फराटा न चुकवता, एकेक तिनं काढला होता. बारा वर्षांपूर्वी काचबिंदूनं केशवरावांची नजर नेली. समोरचं माणूस धूसर दिसे, अक्षर मात्र दिसेना. तेव्हा तिचा हात धरून ते म्हणाले होते, “हे बाहेर कळलं तर माझ्याकडं भांडं घेऊन कोण येईल, कालिंदी?” तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. कुणी भांडं घेऊन आलं की ते बोटांनी तळाची कडा चाचपत, आणि टेबलाखाली ती त्यांच्या तळव्यावर तिथली चिनी अक्षरं गिरवी. त्यांचं अडू नये म्हणून लेकीच्या बाळंतपणातून ती चार दिवसांत परतली होती. लेकीनं तो राग अजून सोडला नव्हता.

“सगळी चित्रं तुम्ही काढलीत, असं छापलंय,” ती शेवटी म्हणाली.

“तुझं नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तुम्ही का नाही काढली म्हणून. तुला कळतंय ना?”

कळत होतं... आयुष्यभर समजून घेणं तेवढं तिच्या वाट्याला आलं होतं! परक्यानं फसवलं तर त्याला दार बंद करता येतं. पण ज्याच्यासाठी आपण आपले डोळे झिजवले त्यानंच असं पुसून टाकल्यावर बाईनं जायचं कुठं? तिनं पुस्तक मिटलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

दुपारी सोयगावहून राजेंद्र आला. तिथं त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला निळ्या नक्षीचा वाडगा त्यानं टेबलावर ठेवला.

“आई ह्यात लोणचं ठेवायची, सर. ह्यात इख पडलं की वाडगा तडकतो म्हणं. खरं व्हय?”

“विषानं तडकतो ही नुसती ऐकीव गोष्ट आहे,” केशवराव हसले.

खरी असती तर आज या घरात हा वाडगा टिकला नसता, असं कालिंदीच्या मनात आलं.

केशवरावांनी वाडगा उपडा केला, कडेवरून बोटं फिरवली. डावा तळवा नेहमीसारखा टेबलाखाली तिच्यापुढं आला, उघडा, बिनघोर. तळावरची सहा अक्षरं तिला स्वच्छ दिसत होती. पण तिचा हात मांडीवरून हलला नाही. लेखकानंच वाचावं की!

“काय लिवलंय, सर?” राजेंद्रनं विचारलं.

तळवा वाट पाहत राहिला. केशवरावांनी कुठल्याही बादशहाचं नाव ठोकून दिलं असतं तरी राजेंद्रनं मान डोलावली असती, आणि तिला त्याचीच धास्ती होती. आता ते खोटं बोलले तर बारा वर्षांतलं हाती धरण्यासारखं काही उरणार नव्हतं.

केशवरावांनी वाडगा खाली ठेवला.

“राजेंद्र, मला दिसत नाही. बारा वर्षं झाली. अक्षरं या काकू वाचतात. पुस्तकातली चित्रंही हिचीच. मी खोटं छापलं.” रिकामा तळवा त्यांनी टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवला. “आता इथं लिही, कालिंदी... लिहावंसं वाटलं तर.”

तिनं लिहिलं. सहाही अक्षरं, थांबत थांबत. आणि मध्येच त्या तळव्यावर तिचे अश्रू ओघळले.

“नाव पाचशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचं आहे,” केशवराव म्हणाले. “पण कडा सांगते, वाडगा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी घडला.”

राजेंद्रचं तोंड उतरलं. “म्हंजे नकली?”

“नाही रे. थोरांचा मान म्हणून ते कारागीर आपल्या कामावर त्यांचं नाव घालायचे. वाडगा चांगला जुना आहे, जप त्याला. मी उलटं केलं. हिच्या कामावर माझं नाव घातलं.”

राजेंद्र वाडगा छातीशी धरून गेला. जाताना तो कालिंदीच्या पाया पडला.

केशवरावांनी पुस्तक मागितलं, पेन मागितलं. ओळ कुठं आहे ते विचारून त्यांनी ‘लेखक’ खोडलं आणि शेजारी अंदाजानं तिचं नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली, वेलांटी वरच्या रिक्षावाल्याच्या नावावर जाऊन बसली.

“एका प्रतीनं काय होतं?” ती म्हणाली.

“किती आल्यात?”

“पाचशे.”

“आण सगळ्या. बसलोय मी.”

तिनं गठ्ठ्याची सुतळी सोडली, दुसरी प्रत त्यांच्यापुढं उघडली आणि त्यांचं बोट फक्त त्या ओळीवर नेऊन ठेवलं. नाव त्यांचं त्यांना लिहू दिलं.