तिचीच स्लाइड

मोठ्या डॉक्टरीणबाई नेमक्या आजच रजेवर गेल्या, आणि ती स्लाइड नव्या डॉक्टरच्या हाती पडली. स्लाइडवर नाव नव्हतं, फक्त नंबर होता. गर्भपिशवीच्या अस्तराचा तो नखाएवढा तुकडा लॅबच्या टेक्निशियनचा स्वतःचा होता. तो मेणात बसवला, कापला, गुलाबी रंगवला तोही तिनेच. आपलाच तुकडा म्हणून हात थरथरू द्यायला ती काही लेचीपेची नव्हती.

"या ना, तुम्हीही बघा," तो म्हणाला.

मायक्रोस्कोप समोरासमोर बसून दोघांना एकदम बघता येईल असा होता. ती समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला... आणि दोघांपैकी कुणीच मागे सरकलं नाही.

भिंगातला हिरवा बाण पेशींवरून फिरू लागला. "याच पेशंटच्या सहा महिन्यांपूर्वीच्या स्लाइडवर ग्रंथींची नुसती झुंबड होती. आता बघा — मोजक्याच, बारीक, शांत. मधल्या पेशी कशा मस्त फुगून बसल्यात! हॉर्मोनच्या गोळ्यांनी काम चोख केलंय."

"म्हणजे पिशवी काढायला नको?"

"यात तरी तसं काहीच दिसत नाही. काढा म्हणतंय कोण?"

"माझी आत्या."

बाण जागच्या जागी थांबला.

"आत्या म्हणते, काढून टाक, ब्याद जाईल. नाहीतर निदान स्थळांसमोर तोंड उघडू नकोस. मी दोन्ही ऐकणार नाही. पिशवी माझी आहे, तोंडही माझंच आहे! मूल होईल, न होईल... ज्याला चालत नसेल, त्याने आत्ताच उठावं."

हे ती कुणाला ऐकवत होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. चार महिने रोज तिच्या टेबलावर न मागता कॉफी आणून ठेवणारा माणूस काही उगाच ठेवत नव्हता.

तो खरंच उठला. त्याने स्लाइड काढून ट्रेमध्ये ठेवली आणि पेनाला टोपण लावलं.

"रिपोर्टवर सही?" तिचा आवाज चढला. "की घाबरलात?"

"मी नाही करू शकत. उद्या बाई करतील."

"का? आत्ता तर चोख म्हणालात!"

"चोखच आहे. पण पहिल्या दिवशी तुम्हीच दटावून सांगितलं होतंत..." त्याचे कान लाल झाले होते. "आपल्या माणसाच्या स्लाइडवर सही करायची नाही."

तिने त्याचं स्टूल पायाने पुढे ढकललं.

"मग उठलात कशाला? बसा. आत्याला काय सांगायचं ते ठरवू."

तो बसला. या वेळी गुडघा तिने मुद्दाम लावला.