एका मापाचे मासे

पहिला घास तोंडापर्यंत नेऊन प्राची थांबली. ताटातले सगळे तळलेले मासे एकाच मापाचे होते, तिच्या मधल्या बोटाएवढे. दिवाळीच्या सुट्टीत ती यवतमाळहून राळेगावजवळच्या गावी रामरावमामांकडे आली होती. शहरातल्या पोरींना ताटातही गणित दिसतं, असं मामांचा नयन चौथा मासा चघळत म्हणाला. खादाड कुठला!

शेजारच्या घरातून आलेली अर्पिता मात्र ताटाकडे वाकून बघू लागली. तिची आई नंदाबाई गावच्या तलावात मासे वाढवणाऱ्या मच्छीमार सोसायटीत होती.

"तलावातले मासे लहानमोठे राह्यते," ती हळूच बोलली. "हे आमचं बीज हाय, सोसायटीची पिल्लं. श्रावणात एकाच दिवशी सोडलेलं."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, वेचणीलाही कोणी बोलवत नव्हतं. होळीपर्यंत हे मासे अर्ध्या किलोचे झाले नाहीत, तर मायलेकी कामाला आंध्रात जाणार होत्या. म्हणजे परीक्षेआधीच अर्पिताची शाळा बंद. हे ऐकून नयनने ताट बाजूला सारलं.

मामांनी मासे देवरावकडून आणले होते. देवराव म्हणजे गावातला पक्का बढाईखोर. सरळ विचारलं तर कानांवर हात ठेवील, म्हणून प्राचीने शक्कल काढली. सकाळी ती आणि नयन त्याच्या दारात उभे राहिले. नयनने भाबडं तोंड करून सांगितलं, की देवरावकाकांना मासे धरताच येत नाहीत असं प्राचीताई म्हणते. झालं! गडी तडक उठला, कडब्यामागचं जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघाला. जाळं कसलं, शिवून जोडलेल्या दोन मच्छरदाण्या होत्या त्या.

उथळ पाण्यात त्याने ती ओढली आणि शेकडो चिमुकले रोहू वळवळू लागले. मिशीवर ताव देत तो वळला, तर बांधावर अर्पिताने बोलावून आणलेली सोसायटीची माणसं, नंदाबाई आणि मामा उभे.

नंदाबाईने जाळ्याला बोट लावलं. करंगळीही आत जाईना.

"आमच्या जाळ्यातून चार बोटं जाते, देवरावभाऊ. लहान जीव निसटला पाह्यजे म्हणून. तुमी काहून आमचं घर बुडवून राह्यले?"

देवरावची मान खाली गेली. "मले वाटलं, मासे काय, पुन्हा होतीन."

"पिल्लंच खाल्ली तर कुठून होतीन?"

त्याने स्वतःच्या हातांनी सगळे मासे पाण्यात सोडले; ते बघायला पोरंही पाण्यात उतरली. मच्छरदाण्या सोसायटीने ठेवून घेतल्या. दोन ताटं आपणच रिचवली, हे मामांनी चारचौघांत कबूल केलं आणि पोरांची पाठ थोपटली. वर्षभर मासे खाऊनही आपल्याला जे दिसलं नाही, ते प्राचीला एका घासात दिसलं, म्हणाले.

नंदाबाई अर्पिताजवळ आली. "बरंच बीज वाचलं, पोरी. होळीपर्यंत मासे अर्ध्या किलोचे होतीन. आपण आंध्रात जात नाही. तू परीक्षा दे."

अर्पिताने गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या नयनच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं, आणि मग ती रडली.