ऐरणीखालची अक्षता

किन्हवलीच्या नाक्यावर कुणाली जीपमध्ये चढली, तेव्हा मागच्या बाकावर एक देखणा पोरगा पोटाशी लाकडी पेटी कवटाळून बसला होता आणि तिला वाटलं, बिचाऱ्याच्या घरचं कोणीतरी गेलं.

वाटायला कारण होतं. किन्हवली ते सरळगाव रस्ता असा की एकदा एक बाई दह्याचं गाडगं घेऊन जीपमध्ये बसली आणि मुरबाडला लोण्याचा गोळा घेऊन उतरली. अशा रस्त्यावर माणसं आधी स्वतःची हाडं सांभाळतात. हा मात्र प्रत्येक खड्ड्याला पेटी अलगद हवेत उचलायचा आणि स्वतः टपावर डोकं आपटून घ्यायचा. कपाळाला टेंगूळ आलं तरी तोंडातून हूं की चूं नाही. कुणाली त्याच्या शेजारी कशीबशी टेकली, ओढणी डोक्यावर घेतली आणि पेटीला हळूच नमस्कार केला.

"कोण... गेलं हो?"

"कुठं?"

"पेटीत."

पोरगा आधी पेटीकडं आणि मग तिच्याकडं बघतच राहिला. "पेटीत एक ओहम आहे," तो म्हणाला.

कुणालीचा आ वासला गेला. ओहम तिला ठाऊक होता. तारेतून वीज जाताना तार किती अडवते, त्याचं माप. मुरबाडच्या कारखान्यात ती तपासणी खोलीतच कामाला होती. पण ओहम असा कोणी मांडीवर घेऊन हिंडताना तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"अख्खा?"

"अख्खा. आणि वर केसाच्या टोकाएवढा जास्त. बाकी सगळे ओहम ह्याच्याशी ताडून बघायचे. आदळला तर रुसतो, मग त्याचा आकडा बदलतो."

"बाई गो," कुणाली म्हणाली. "म्हणजे आमच्या आत्याबाय."

तो हसला आणि नेमका त्याच वेळी खड्डा आला. ह्या खेपेला पेटी दोघांनी मिळून उचलली.

पोराचं नाव प्रज्वल. वाशिंदच्या एका प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनचं काम करायचा, म्हणजे कारखान्याकारखान्यात जाऊन मापयंत्रं खरं बोलतात का खोटं, ते तपासायचं. प्रयोगशाळेची गाडी शहापूरला वाफा सोडत बसली म्हणून आज जीप. दोघांना उतरायचं होतं ते एकाच फाटकाशी. उतरल्यावर कुणालीनं त्याची दुसरी पिशवी खाली दिली, बोटाला बोट लागलं आणि चट्! निळी ठिणगी उडाली.

दोघंही जागच्या जागी थिजले. दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन, तिची नायलॉनची ओढणी, जीपचं रेक्झिन... कारण साधं होतं. पण प्रज्वल आपल्या बोटाकडं असा बघत होता, जणू ते कोणाचं तरी उसनं आणलेलं.

"हे मोजायचं राहिलं," तो पुटपुटला.

तपासणी खोलीत त्यानं आधी पेटी उघडली. आत लाल मखमल, तिच्यात तो मानाचा ओहम. त्यानं त्याला कारखान्याच्या मीटरशी तारा जोडल्या आणि हात मागं बांधून उभा राहिला. हाताची ऊब जोडाला लागली तरी आकडा हलतो, म्हणाला. सगळं निवेपर्यंत थांबायचं. कुणाली बघायला वाकली. आकडा हलला. ती मागं झाली, आकडा बसला. परत वाकली, परत हलला.

"तुम्ही जरा लांब उभ्या राहता का? आकडा बसत नाही."

"आकडा, का तुमी?"

प्रज्वलच्या कानाच्या पाळ्या मखमलीच्या रंगाच्या झाल्या.

मग आली कुणालीच्या मशीनची पाळी. पोलाद किती कठीण आहे ते सांगणारं हे मशीन. ऐरणीवर गिअर ठेवायचा, वरून हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भारानं रुतवायचं. जितकं कमी रुतेल तितका आकडा मोठा. मशीन खरं बोलतं का, हे बघायला मास्टर ब्लॉक असतो, बिस्किटाएवढी चकचकीत वडी. ह्या वडीचा आकडा होता साठ. रोज सकाळी कामाआधी कुणाली तिच्यावर एक ठसा घ्यायची.

प्रज्वलनं ब्लॉक भिंगाखाली धरला. कुणालीचे सगळे ठसे ओळीत, एकमेकांपासून अंतर राखून, पेरलेल्या रोपांसारखे.

"छान ठेवलंय अंतर. एकाला खेटून दुसरा घेतला की आकडा खोटा येतो."

"जीपमधी तर काय अंतर नव्हतं," कुणाली म्हणाली आणि आपण हे मोठ्यानं बोललो, ह्याचाच तिला धक्का बसला.

प्रज्वलनं घाईघाईनं भार दिला. काटा फिरला आणि थांबला. सत्तावन्न.

दुसरा ठसा. सत्तावन्न. तिसरा त्याच्याही खाली.

कुणालीची नजर खिडकीबाहेर गेली. कारखान्याच्या फाटकाशी गिअरांनी भरलेला ट्रक उभा होता. दसऱ्याच्या आधी तिनंच ह्या मशीनवर पास केलेले गिअर. मशीन कधीपासून खोटं बोलतंय ते कळलं नाही, तर अख्खा ट्रक खाली करायचा. मॅनेजर साईनाथसाहेब दारातच उभे होते. म्हणाले, मशीन खोटं तर मशीनवरची मुलगीही खोटी; ट्रक उतरला तर तिनंही उतरायचं. आणि घरी भावानं केव्हाचं सांगून ठेवलं होतं की नोकरी सुटली की डोळखांबचं स्थळ बघायचं.

"दसऱ्याच्या पूजेदिवशी सकाळी साठच होता," कुणाली म्हणाली. "मी सोता बघितला." पण तिचं तिलाच खरं वाटेना.

साहेबांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. खोलीत दोघंच. प्रज्वलपुढं दोन स्टिकर होते. लाल म्हणजे मशीन बंद, हिरवा म्हणजे मशीन पास. त्यानं कुणालीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी काठाशी येऊन थांबलं होतं. त्याचा हात लाल स्टिकरकडं निघाला... मध्येच अडखळला... आणि हिरव्यावर गेला.

कुणालीनं त्याचं मनगट धरलं.

"माझ्या तोंडाकडं बघून चिकटवताय?"

"तुमची नोकरी..."

"रस्ताभर डोकं आपटून घेतलंत, पण पेटीला धक्का लागू दिला नाय. ते बघून मला वाटलं, ह्यो माणूस सरळ हाय." तिनं मनगट सोडलं. "आज माझ्यासाठी खोटं लावाल. उद्या माझ्याशी खोटं बोलाल, तवा मी कुठल्या ब्लॉकवर तपासू?"

आजवर प्रज्वलला मशीन पास करायला विनवणारे शंभर भेटले असतील, चहा पाजणारे त्याहून जास्त. नको म्हणणारी ही पहिली. त्यानं हिरवा स्टिकर जागेवर ठेवला. लालही ठेवला.

"मग कारण शोधू," तो म्हणाला. "दोघं मिळून."

त्यानं हिऱ्याचं टोक बदललं. आकडा तसाच. वजनं तपासली, पातळी तपासली. मशीन तपश्चर्येला बसलेल्या साधूसारखं सरळ. ऐरण त्यानं सकाळी वरून पुसली होती. कुणाली वाकून वाकून बघत होती आणि ऐरण जिथं खाचेत बसते, तिथं तिला एक लाल रेघ दिसली, केसाएवढी.

"हे कुंकू हाय," ती म्हणाली.

ऐरण उचलली तशी खाली भाकरीच्या पापुद्र्यासारखा पांढरा-तांबडा थर निघाला. प्रज्वलनं बोट लावून वास घेतला. पीठ! हिऱ्याच्या मशीनमध्ये तांदळाचं पीठ! त्याला वाटलं, टपावर आपटून आपलंच काहीतरी हललं.

कुणालीला मात्र उलगडा झाला. तिनं महादूमामांना हाक मारली. महादूमामा कारखान्यातले सगळ्यांत जुने फिटर. दसऱ्याची पूजा दरवर्षी त्यांच्याच हातची. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. मामा आले, थर बघितला आणि अजिबात ओशाळले नाहीत.

"देव कशावर बसवतो आपण?" त्यांनी उलटं विचारलं. "तांदळावर. मंग पोरीच्या मशीनीला उघड्या लोखंडावर बसवू? म्हटलं, यंदा ऐरण उचलून मूठभर अक्षता घालाव्या. दरसाल हिला फक्त हार, बरं नाय दिसत."

सगळं जुळलं. पूजा झाली, कारखाना बंद झाला तो आज उघडला, आणि पहिल्याच भाराखाली अक्षतांचा चुरा झाला. ऐरणीखाली अशी मऊ गादी असली की ब्लॉक कणभर खाली दबतो आणि मशीन बिचारं पोलादाला मऊ म्हणतं. प्रज्वलनं खाच पुसली, ऐरण बसवली, भार दिला. साठ. परत साठ. खात्री म्हणून ट्रकमधले चार गिअर आणून बघितले. चारही खणखणीत. पूजेपर्यंत मशीन खरंच बोलत होतं, आणि पोरगीही. साईनाथसाहेबांनी घसा खाकरला, ट्रक सोडायला सांगितलं आणि कुणालीसाठी स्वतः चहा आणला. ह्या चहाची गोष्ट मुरबाडात अजून सांगतात. ऐकणाऱ्यांतले निम्मे विश्वास ठेवत नाहीत.

मग प्रज्वलनं हिरवा स्टिकर लावला. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख होती. कुणालीनं वाचली आणि दिवसभरात बसला नव्हता असा धक्का तिला तेव्हा बसला.

"वर्षानं?"

"नियम आहे..." प्रज्वल पेटीच्या कडीशी खेळत राहिला. "पण दोष निघालेलं मशीन महिन्याभरात परत बघायचं, असाही एक आहे. आमच्या प्रयोगशाळेचा."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

तो परत आला तेव्हा तुळशीची लग्नं लागून गेली होती. खळ्यांवर भाताच्या उडव्या रचलेल्या, हवेत पेंढ्याचा गोड वास. प्रयोगशाळेची गाडी बरी झाली होती, तरी हा आला जीपनंच. कपाळावर ताजं टेंगूळ होतं. आल्या आल्या त्यानं ओहमला तारा जोडल्या, कारण त्याला बसायला वेळ लागतो. आणि मशीनकडं वळून त्यानं सगळ्यांत आधी ऐरण उचलली. आता ही सवय त्याला जन्माची लागली होती.

खाचेत एक अक्षता होती. एकच. कुंकवानं रंगलेली, अखंड.

प्रज्वलचा हात हवेतच राहिला. त्यानं अक्षतेकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"महादूमामांनी परत..."

"मामा मूठभर घालतात," कुणाली म्हणाली. ती टेबलाला टेकून उभी होती, आणि आवाज धीट असला तरी ओढणीचं टोक बोटाभोवती गच्च गुंडाळलेलं. "सकाळचा ठसा घेतला, साठ आला, मंग ठेवली. भार नाय दिला अजून. दिलात तर चुरा होईल."

प्रज्वलनं चिमटा उचलला, परत ठेवला. कुणालीला वाटलं, चुकलं आपलं. आता हा पेटी उचलेल आणि जाईल.

"मग... काय करायचं हिचं?"

"ही एक आमच्याकडची. बाकीच्या घेऊन तुमच्या आईंना येऊ दे. रविवारी आमच्याकडं सगळी घरी असतात."

प्रज्वलनं अक्षता चिमट्यानं उचलली. एवढं जपून त्यानं हिराही कधी उचलला नव्हता. पेटीतल्या मखमलीच्या कोपऱ्यात त्यानं ती ओहमच्या जागेशेजारी ठेवली. मग हात पुढं केला. कुणालीनं डोळे मिटून घेतले. ठिणगी येणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

ठिणगी आली नाही. नुसती ऊब आली.

तिनं डोळे उघडले. तिचा दुसरा हात टेबलावर, नेमका तारांच्या जोडावर टेकला होता, आणि मीटरवरचे आकडे वेड लागल्यासारखे धावत होते.

"आकडा हलतोय," ती कुजबुजली.

"हलू दे," प्रज्वल म्हणाला.